हाताजवळचे खण

दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. नवा टेबलावर, जुना टेबलाखाली. नव्याचं बटण दाबून चहाचा कप खाली ठेवेपर्यंत तो कामाला तयार असतो, आणि तयार झालो हे तोंडानं सांगत नाही. जुन्याला मिनिटभर लागतं. त्या मिनिटात आधी पंखा घोंगावतो, मग हार्डडिस्कचा सूर चढत चढत एका जागी थांबतो, मग थोडी खरखर, मग गप्प. समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं की हमखास विचारतं, "काहून गा भाऊ, हा डब्बा अजून ठेवून रायला?" मी म्हणतो, यात तुमच्या लग्नाची पत्रिका आहे.

थाप नाही. बहुतेकांची खरंच आहे.

साकोलीत मेनरोडला लागून हे दुकान. रस्त्याचा नंबर बदलला, सहाचा त्रेपन्न झाला, पण कोलकात्याकडे जाणारे ट्रक तेच आणि त्यांची धूळही तीच. ती धूळ आधी बाबांच्या ट्रेडल मशीनवर बसायची, आता माझ्या सीपीयूत जाते. (कॅबिनेटला सीपीयू म्हणू नये, हे मला नागपूरच्या शिकलेल्या पोरांनी अनेकदा सांगितलं. साकोलीत सगळे सीपीयूच म्हणतात.) बाबांची प्रेस होती. पायानं चालवायचं मशीन, शाईचा रोलर, केरोसीनचा वास, आणि भिंतीला लावून लाकडी घोड्यांवर तिरप्या ठेवलेल्या खिळ्यांच्या केस.

खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. इंग्रजीचं काम कसं सुटसुटीत. आपल्याला अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार सगळं वेगळं. शेकड्यांनी खण. लहानपणी मला वाटायचं की ते बाराखडीच्या क्रमानं लावलेले असतील, म्हणून मी एकदा क शेजारी ख शोधत बसलो होतो. बाबा हसले. तसं लावलं असतं तर दिवसाला एक पावती जुळवून झाली असती. तिथला हिशेब एकच होता: जे जास्त लागतं ते हाताजवळ आणि मोठ्या खणात. काना सगळ्यात मोठ्या खणात, कारण काना घेतल्याशिवाय मराठी चार पावलं चालत नाही. र, त, न, य ही मंडळी छातीसमोर. ङ आणि ञ कुठंतरी कोपऱ्यात, नातेवाईक असूनही कुणी चहाला न बोलावलेले. आणि जे वर्षातून दोनदा लागायचं ते खालच्या केसमध्ये, घोडीच्या तळाशी. ते काढायला वाकावं लागे, आणि केस ओढताना लाकूड कुरकुर करी. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणांवरून फिरतो आहे आणि डोळे हस्तलिखितावर; बाबा खिळ्यांकडे बघत नसत. कुरकुर ऐकू आली की कुठलं तरी अडनिडं अक्षर आलं हे आम्हाला स्वयंपाकघरात कळायचं.

आमच्या भागात यात आणखी एक गंमत. झाडीबोलीत ळ नाही, ण नाही, श नाही. डोळा इथं डोरा, पाणी पानी. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचे असे विशेष लिहून ठेवले आहेत. बाबांनी ते वाचलेले नव्हते, त्यांना ते खणांवरून माहीत होतं. गिऱ्हाईक यायचं आणि डोऱ्याच्या तपासणीचं शिबिर आहे म्हणून सांगायचं. पत्रकावर छापायचं मात्र डोळ्यांच्या तपासणीचं. त्यामुळे ळ ला हाताजवळची जागा सोडता येत नसे. बोलण्यात नाही पण छापण्यात आहे, अशी त्याची नोकरी. एखाद्या हौशी कवीनं झाडीबोलीतल्या कवितांची चार पानं छापायला आणली की संध्याकाळी बाबा ते तीन खण दाखवून म्हणत, "पाय, आज यायनं सुट्टी घेतली."

लग्नसराईत तर 'चि.', 'सौ. कां.' आणि 'आमचे येथे श्री कृपेकरून' या ओळी ते सोडवतच नसत. एरवी छपाई झाली की फर्मा उघडून प्रत्येक खिळा धुऊन परत आपल्या खणात टाकायचा, नाहीतर पुढच्या कामाला अक्षरं पुरणार नाहीत. पण या तीन ओळी सुतळीनं बांधून खिडकीशी ठेवलेल्या. वैशाखभर त्या तशाच उभ्या. पुढं मला कॉम्प्युटरच्या भाषेत याला काय म्हणतात ते कळलं, तेव्हा शब्द नवा होता, वस्तू खिडकीशी बघितलेली होती.

१९९८ साली मी कॉम्प्युटर आणला. विंडोज ९८ नुकतं आलं होतं आणि हार्डडिस्क होती चार जीबीच्या आसपासची. विकणाऱ्यानं सांगितलं, ही तुमच्या जन्मात भरणार नाही. पहिली हार्डडिस्क आयबीएमनं १९५६ मध्ये काढली तेव्हा तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि मावत होती पन्नास लाख अक्षरं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आन् सोडवा लागत नाही?" त्यांना आकड्याचं काही वाटलं नाही. छापून झाल्यावर अक्षर खणात परत टाकावं लागत नाही, गेल्या वर्षीची पत्रिका या वर्षी तशीच उभी मिळते, याचं वाटलं. बांधून ठेवलेल्या तीन ओळींच्या जागी सगळ्याच ओळी बांधून ठेवता येतात. २००१ मध्ये ट्रेडल आणि खिळे भंगारात किलोवर गेले. त्या दिवसाबद्दल बाबा काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

पुढची काही वर्षं फ्लॉपीची. १.४४ एमबीत काम बसवायचं, एसटीनं शंभरेक किलोमीटर नागपूरला छपाईला जायचं, तिथं फ्लॉपी उघडेलच याची खात्री नाही, म्हणून एकच काम दोन फ्लॉप्यांवर, शिवाय ट्रेसिंग पेपरवर काढलेली लेझर प्रिंट छातीशी धरून. मे महिन्यात एसटीच्या खिडकीतून येणारी लू फ्लॉपीला सोसत नाही, तशी ती माणसालाही सोसत नाही. पण माणूस बिघडला तर काम तरी वाचतं. पेनड्राइव्ह आल्यावर हे सगळं एका दिवसात संपलं, आणि त्याबद्दल मला कणभरही हळहळ नाही. जुनं म्हणून सगळंच गोड म्हणायची सवय मला लागलेली नाही.

आत्ता टेबलाखाली आहे तो डबा २००९ चा. असेंबल केलेला: कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, १६० जीबीची हार्डडिस्क, एक्सपी. तो आला तो ऐन भारनियमनाच्या काळात. ज्यांनी ती वर्षं शहरात काढली त्यांना नुसतं 'लाइट जायची' म्हणून अंदाज येणार नाही. लाइट जाणं ही घटना नव्हती, लाइट येणं ही घटना होती. कामाचं वेळापत्रक त्यावर ठरे. यूपीएस टीं टीं करायला लागला की सात-आठ मिनिटं. त्यात कोरलची फाइल सेव्ह करून मशीन बंद करायचं. लाइट आली की पुन्हा चालू. म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा विंडोज सुरू होणार, दर वेळी अडीच-तीन मिनिटं. त्यावर मराठीचे शेकडो फाँट. एक श्रीलिपीचा संच, एक आयएसएमचा, कुणी कुठून आणून दिलेले आणखी काही. सुरू होताना मशीन त्या सगळ्यांची हजेरी घेत बसे. हजेरी चालू असताना पुन्हा लाइट गेली की मी बाहेर जाऊन उभा राहायचो. पानठेल्यावर सगळे दुकानदार तिथंच असायचे.

त्या हार्डडिस्कनं २०१४ च्या जानेवारीत टक टक सुरू केली. दिवाळीनंतरच्या मंडईचा हंगाम संपला होता, बैलांच्या पटाचा चालू होता, लग्नाचा यायचा होता. नागपूरला बर्डीच्या बाजारात गेलो. दुकानातल्या पोरानं तीन वस्तू काउंटरवर मांडल्या. एक साधी हार्डडिस्क, एक टीबीची. एक एसएसडी: आत फिरणारं काही नाही, सगळं चिपवर, वेगाला तोड नाही, पण १२० जीबी आणि किंमत आठपट जागेच्या डिस्कपेक्षाही जास्त. आणि तिसरी, हायब्रिड. दिसायला साध्या डिस्कसारखीच, वजनही तेवढंच. तो म्हणाला, "काका, ही दोन्ही आहे. एक टीबीची तबकडी आणि सोबत आठ जीबीची चिप. काय चिपवर ठेवायचं ते ती स्वतः शिकते."

"शिकते म्हणजे?"

"तुम्ही काय रोज उघडता ते बघते."

मी ती घेतली. खरं तर ती घेण्याचं कारण त्याच्या वाक्यात होतं, किमतीत नव्हतं.

हायब्रिडचा इतिहास फार मोठा नाही, पण सांगण्यासारखा आहे. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या काळात पहिला प्रयत्न झाला होता. डिस्कमध्ये थोडी फ्लॅश मेमरी असायची आणि तिच्यात काय ठेवायचं हे विंडोजनं सांगायचं. ते फारसं जमलं नाही. २०१० मध्ये सीगेटनं मोमेंटस एक्सटी नावाची लॅपटॉपची डिस्क काढली, ५०० जीबीची तबकडी आणि चार जीबी फ्लॅश, आणि अक्कल विंडोजकडून काढून डिस्कच्या पोटात घातली. विंडोजला ती एकच साधी डिस्क दिसायची. आतल्या आत कुठला भाग पुन्हा पुन्हा वाचला जातो याची नोंद डिस्क स्वतः ठेवायची आणि त्या भागाची एक प्रत चिपवर. दरम्यान २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर हार्डडिस्क महागल्या. त्या महागाईची झळ बर्डीच्या काउंटरपर्यंत आली होती. अॅपलनं २०१२ मध्ये फ्यूजन ड्राइव्ह म्हणून वेगळ्या रीतीनं हेच केलं. २०१३ पर्यंत डेस्कटॉपसाठी एक आणि दोन टीबीच्या आल्या, आठ जीबी चिपच्या. तोशिबा आणि वेस्टर्न डिजिटलनंही आपापल्या काढल्या. आणि मग पाचेक वर्षांत चिप इतक्या स्वस्त झाल्या की तबकडीला सोबत घेण्याची गरजच राहिली नाही. मधल्या काळातली वस्तू होती ती. मधल्या काळात जगणाऱ्यांसाठी.

एक हजार जीबीला आठ जीबी, म्हणजे शंभरातला एक भागही नाही. एवढ्यानं काय होणार, असं मलाही वाटलं होतं. विंडोज ७ टाकलं (एक्सपीचा आधार त्याच एप्रिलमध्ये संपणार होता), कोरल टाकलं, पेजमेकर टाकलं, फाँटांची वरात चढवली. पहिल्यांदा सुरू केलं तर वेळ तेवढाच. दुसऱ्यांदा थोडा कमी. तिसऱ्यांदा माझं लक्ष नव्हतं. मी सवयीनं पानठेल्याकडे निघालो होतो आणि मागं वळलो तर स्क्रीन तयार. पन्नास-पंचावन्न सेकंद. आणि खरखर अर्ध्यावर. जी तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, सेकंदाला १२०, तिच्यावरचं एखादं अक्षर सुईखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद थांबावं लागतं. ऐकायला हे काहीच नाही. पण विंडोज सुरू होताना असे हजारो थांबे असतात, आणि प्रत्येक थांब्याला सुई इकडून तिकडे पळते. तीच ती खरखर. चिपवर ना थांबा, ना पळापळ. म्हणजे खरखर कमी झाली याचा अर्थ डिस्कनं आपले हाताजवळचे खण लावून घेतले होते. काना सापडला होता तिला.

गंमत अशी की सारखं बंद-चालू होणाऱ्या मशीनला ही डिस्क सगळ्यात उपयोगाची, आणि ती आमच्याकडे आली तेव्हा भारनियमन बरंचसं सरलं होतं. वाऱ्यावादळात अजून जाते लाइट, पण ते वेगळं. चार वर्षं आधी आली असती तर पानठेलेवाल्याचं नुकसान झालं असतं.

तिच्यासोबत राहायला लागल्यावर तिचा स्वभाव कळत गेला. ओळखीच्या कामाला चपळ, अनोळखी कामाला जुनीच. कुणी पेनड्राइव्हमधून लग्नाचे चारशे फोटो आणले की ती साध्या डिस्कसारखीच रखडायची, कारण त्यातला एकही तिनं आधी बघितलेला नसे. फ्लेक्सची मोठी फाइल सेव्ह करताना तर काहीच फरक नाही, लिहिणं तबकडीवरच. विंडोजनं मोठं अपडेट घेतलं की दोन-तीन दिवस तिला ओळख पटेना. सकाळी सुरू करताना ती चाचपडते आहे हे ऐकू यायचं. सुट्टीवरून आलेल्या कंपोझिटरसारखं: केस कुणी तरी हलवून ठेवली आहे, हात पूर्वीच्या जागी जातो आणि रिकामा येतो.

आणि हंगाम. साकोलीच्या दुकानाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, दिवाळीत होतं. धान कापणीला येतं, भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. दंडारीची, नाटकाची पत्रकं. झाडीपट्टीतल्या नाटक मंडळ्यांचं ठाणं वडसा. तिथून तारखा ठरतात आणि गावातल्या मंडळांना पत्रक उद्या सकाळी हवं असतं. संक्रांतीच्या पुढंमागं शंकरपट. फाल्गुनात शाळांच्या प्रश्नपत्रिका, मग लग्नं, जूनमध्ये दाखल्यांचे आणि प्रतिज्ञापत्रांचे अर्ज, आणि रोवणी सुरू झाली की दुकान ओस. माणसं चिखलात असतात, कुणाला काही छापायचं नसतं. मग गणपती आणि शारदा-दुर्गेच्या वर्गणीच्या पावत्या. मला असं वाटायचं की डिस्कला हे कळतं. वैशाखातली पहिली पत्रिका उघडायला वेळ लागे, चार दिवसांनी लागत नसे. खरं सांगायचं तर हा माझा भास असेल. आठ जीबीतली बहुतेक जागा विंडोज, कोरल आणि फाँटच खात असणार. पत्रिकेची फाइल असते केवढीशी. तिला हंगाम कळत नव्हता, मोजणं कळत होतं. पण बाबांनाही ध्वनिशास्त्र कुठं कळत होतं? तेही मोजूनच ळ कुठं ठेवायचा ते ठरवत.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. शंकरपट बंद. बंदी बरोबर की चूक यावर आमच्या पानठेल्यावर अजून एकमत नाही, आणि बैलाच्या शेपटीचं काय होतं हे मी डोळ्यांनी बघितलेलं असल्यानं मी त्या वादात पडत नाही. दुकानापुरतं एवढंच झालं की 'पट' नावाचं फोल्डर उघडायचं थांबलं. पूर्वीच्या पत्रकात वर पटाचा कार्यक्रम असे आणि खाली रात्रीच्या नाटकाचा. आता नुसतं नाटक उरलं. नाटकं जोरात चालली. फोल्डर तबकडीवर कुठंतरी पडून राहिलं, घोडीच्या तळाशी.

मग २०२० आलं. मार्चपासून शटर खाली. तोंडावरच्या लग्नांच्या छापून झालेल्या पत्रिकांचे गठ्ठे कुणी न्यायला आलं नाही. अडीच महिन्यांनी मशीन सुरू केलं तेव्हा भीती वाटत होती; ते मात्र कालच बंद केल्यासारखं उठलं. जे उघडायचं ते त्याच्या हाताशी होतं, उघडायला माणसं नव्हती. त्या उन्हाळ्यात ज्या थोड्या पत्रिका केल्या त्या व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या. कागद नाही, शाई नाही. ती सवय राहिली. आता पाचशे पत्रिका छापणारा माणूस शंभर छापतो आणि चारशे जणांना मोबाइलवर पाठवतो. धंदा म्हणून मला हे आवडत नाही. आहेराच्या यादीला घाबरून पत्रिका लपवणाऱ्यांची मात्र सोय गेली, हे चांगलं झालं.

नवा कॉम्प्युटर त्यानंतरचा. आत एनव्हीएमई एसएसडी, च्युइंग गमच्या पट्टीएवढी. तिला ओळखीचं-अनोळखीचं काही नाही. चारशे फोटो टाका, दहा वर्षांपूर्वीची फाइल टाका, सगळं एका वेगानं. कामासाठी मी तोच वापरतो आणि कुणी विचारलं तर हायब्रिड घेऊ नका, मिळालीच तरी घेऊ नका, असंच सांगेन. जुन्यालाही साधी एसएसडी बसवता आली असती, लोक बसवतात. माझी अडचण फाँटांची. बाबांच्या खिळ्यांनंतरची पंधरा वर्षं मी ज्या फाँटांत टाइप केली ते युनिकोडच्या आधीचे. ती फाइल नव्या मशीनवर उघडली तर 'आमचे येथे श्री कृपेकरून'च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. पेजमेकर तर नव्या विंडोजवर मी चालवायच्या भानगडीतच पडलो नाही. म्हणजे अर्ध्या तालुक्याची लग्नं, बारशी, तेरव्या आणि नाटकं अशा एका मशीनमध्ये आहेत जे त्या वाचू शकतं, आणि तेच मशीन सगळ्यात म्हातारं आहे. सगळ्याची प्रत दोन ठिकाणी काढून ठेवली आहे. पण प्रत असणं आणि वाचता येणं वेगळं. खिळे भंगारात दिले तेव्हा हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

१६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी दिली. आठवड्याभरात जवळच्या एका गावचे दोघं आले. पट घ्यायचा म्हणत होते, परवानगीचे कागद, करोनाचे नियम, सगळं सांभाळून. "भाऊ, मागचंच पत्रक काढा. फक्त तारीख बदलवा."

मागचं म्हणजे आठ वर्षांपूर्वीचं.

बाबा त्या वेळी दुकानात होते. हिवाळ्यात ते सकाळी दारातल्या उन्हात खुर्ची टाकून बसत, पेपर घेऊन, गुडघ्यावर शाल. मी जुनं मशीन लावलं, 'पट' फोल्डर शोधलं आणि फाइलवर क्लिक केलं. आणि डिस्क खरखरायला लागली. रोजची खरखर नाही, लांबलेली, मधेच थांबून पुन्हा सुरू होणारी. सुई तबकडीच्या ज्या भागात आठ वर्षं गेली नव्हती तिथं जाऊन तुकडे गोळा करत होती. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, गेली आज.

बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "खालच्या केसातून काढून रायली वाटते रे."

फाइल उघडली. वर दोन बैलांचं चित्र, मी नागपूरहून फ्लॉपीवर आणलेलं. इनामाच्या रकमा, पटाचे नियम, रात्री ठीक दहा वाजता नाटक, तळाशी मंडळाच्या अकरा जणांची नावं. त्यातला वयस्क माणूस स्क्रीनजवळ आला आणि बोट लावून नावं वाचायला लागला. तिसऱ्या नावावर थांबला. मग सातव्या. मग नवव्या. नववं नाव त्याच्या सख्ख्या भावाचं होतं.

"यायले काढू का जी?" मी विचारलं.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नाही. कै. लावून राहू द्या. पट त्यायनंच सुरू केला होता."

तीन ठिकाणी 'कै.' टाकलं. इनामाच्या रकमा वाढवल्या. नियमांत एक ओळ नवीन आली, बैलाला मारायचं नाही म्हणून. त्या हिवाळ्यात एकापाठोपाठ एक गावं येत राहिली आणि प्रत्येकासाठी तीच फाइल उघडून नाव-तारीख बदलायची. पाचव्या-सहाव्या वेळी ती क्लिक करताच उघडली, आवाज न करता. मी दाराकडे बघितलं. बाबा पेपर वाचत होते.

"आली का हाताजवर?" त्यांनी विचारलं.

"आली."

समोर बसलेल्या पोराला आमचं काय चाललं आहे ते कळलं नाही. त्याला पाचशे पत्रकं गुलाबी कागदावर हवी होती. गुलाबी संपला होता. पिवळ्यावर चालतील का, हे तो फोनवर गावाला विचारत होता.